पेढेवाल्याचा दुभाषी

मी अकरावीत होते त्या वर्षी माझ्या वडिलांना सेशन्स कोर्टातून चिठ्ठी आली. एका आरोपीला मराठीशिवाय काही येत नाही, त्याचं बोलणं हिंदीत करून सांगायला या, असं त्यात लिहिलं होतं. राज्यांची फेररचना होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी जबलपूरच्या कचेऱ्यांमध्ये हाक मारली की तीन मराठी कारकून मान वर करत. मग नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही हिंदी मुलखात राहिलो, आणि ते कारकून बदल्या घेऊन एकेक करत निघून गेले. कोर्टात मराठी समजणारं कोणी उरलं नव्हतं. माझे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या विभागात होते. मराठी मंडळींच्या वाचनालयाची पत्रं ते दोन्ही भाषांत लिहीत, तेवढ्यावरून कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं.

आरोपी कोण हे चिठ्ठीत नव्हतं. पण ते शहराच्या एका टोकाच्या गढ्यापासून दुसऱ्या टोकाच्या रिछाईपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. शहर त्याला ‘पेढेवाला’ म्हणत होतं.

नर्मदेवर अस्थी घेऊन विदर्भातून माणसं येत. घाटावर एक चाळिशीचा, शेंडीवाला, साधा माणूस त्यांना भेटे. ‘आपल्याकडचे दिसता, कोणतं गाव?’ असं आपल्याच बोलीत विचारी. परक्या गावात आपली भाषा ऐकली की माणूस सैल होतो. तो त्यांना सावली दाखवी, गुरुजी गाठून देई आणि शेवटी प्रसाद म्हणून पेढा देई. पेढ्यात धोतऱ्याचं बी असे. मग पिशवी, घड्याळ, अंगठी घेऊन तो निघून जाई. दोन वर्षांत चार माणसं मेली. पाचव्याला पेढा कडू लागला, तो त्यानं थुंकला आणि त्याच पावली चौकीवर गेला.

“तुम्ही काहून जाता?” आईनं विचारलं. “दुसरं कोणी नाही का?”

“नाही म्हणूनच बोलावून राहिले,” बाबा म्हणाले. “त्याला समजलंच नाही अन् फाशी दिली, असं नको.”

शहराला त्या माणसाचं वेड लागलं होतं, आणि मी काही त्यापासून दूर नव्हते. मिठाईच्या दुकानांत पेढ्याचे थाळे तसेच पडून राहत. चौकात त्याच्यावरची पातळ पुस्तिका विकायला आली, मुखपृष्ठावर दात विचकणारा राक्षस. समोरच्या घरातले रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डसाहेब रोज सकाळी पेपर घेऊन आमच्या ओट्यावर बसत आणि म्हणत, “चौराहे पर लटकाओ, टिकट लगाओ, पूरा शहर आएगा.” मी पेपरातली प्रत्येक बातमी कापून भूगोलाच्या वहीत ठेवत होते. मला भीती वाटत नव्हती. मला जाणून घ्यायचं होतं. पेढा हातावर ठेवताना तो काय बघत असेल? समोरचा खाईपर्यंत कशाच्या गप्पा मारत असेल? घरी जाऊन जेवत असेल का?

बाबा घरी येऊन एक शब्द बोलत नसत. शपथ घेतली आहे, म्हणत. आणि शाळेत मुली मला सोडत नसत. “तेरे पापा उससे बात करते हैं? बता ना, कैसा है?” पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं की मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे चेहरे पडलेले बघवेनात. मी म्हणाले, “मेलेल्यांची नावं वाचतात ना, तेव्हा तो हसतो. आवाज नाही होत, पण हसतो.” हे कुठून सुचलं मला आजही सांगता येणार नाही. मुलींनी ‘बाप रे’ म्हणून एकमेकींचे हात धरले, आणि मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात साक्षीसाठी एक बाई आल्या. चौघांपैकी तिसऱ्याची बायको. अमरावतीकडच्या एका गावातून एकट्या आल्या होत्या. नवरा शाळामास्तर होता, आपल्या आईच्या अस्थी घेऊन आला होता. नवऱ्याची पिशवी आणि चष्म्याचं घर ओळखून दाखवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांची उतरायची सोय गोरखपूरच्या बाजारामागे, मराठी लोकांनी चालवलेल्या एका धर्मशाळेत झाली. आईच्या मनात त्यांना घरी आणायचं होतं. बाबांनी साफ नाही म्हटलं.

“मी त्या माणसाचं बोलणं सांगतो अन् साक्षीदार माझ्या घरी जेवते? वकील काय म्हणल?”

शेवटी असं ठरलं की डबा मी नेऊन द्यायचा, आणि खटल्याचं अक्षरही बोलायचं नाही.

पंचेचाळीसच्या असतील त्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. पहिले दोन दिवस त्या डबा घेत, निमूट जेवत आणि डबा घासून परत देत. तिसऱ्या दिवशी वरण-भात कालवता कालवता त्यांनी विचारलं, “पोरी, धर्मशाळेतल्या बाया सांगून राहिल्या, यांचं नाव वाचलं की तो हसते म्हणे. खरं आहे का?”

माझे कान तापले. चार दिवसांत ती गोष्ट शाळेतून बाजारात आणि बाजारातून इथे येऊन पोहोचली होती. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण त्यांचा हात भातातच थांबला होता.

“खोटं आहे ते, मावशी,” मी म्हणाले. “ते मीच शाळेत सांगितलं होतं. मी त्याला पाहिलंही नाही.”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला निरखून पाहिलं, जणू मीही ओळख पटवायची एखादी वस्तू होते. मग म्हणाल्या, “तुले काय भेटलं असं सांगून?”

मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला भाताचे दोन घास भरवले, आणि मग अगदी हळू आवाजात त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. “तुह्या बाबाले पुसशील का? यांनी शेवटी काई म्हटलं का? पाणी मागितलं का? कोणाचं नाव घेतलं का? मी इथं दोर वळून द्यायले आली आहे पोरी, मले त्याची कीव नाई. पण यांच्यापाशी शेवटी तोच होता. दुसरं कोणी नव्हतं.”

हे मी बाबांना सांगू शकत नव्हते, कारण मग मी अट मोडल्याचं कळलं असतं. मी ते पोटात ठेवलं.

आरोपीच्या जबाबाच्या दिवशी मी शाळा बुडवून कोर्टात गेले. जत्रा असावी तशी गर्दी होती. फुटाणेवाला, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, सायकली. व्हरांड्याच्या खिडकीत मला एक कोपरा मिळाला. मी राक्षस बघायला गेले होते, आणि पिंजऱ्यात मला एक माणूस दिसला जो आमच्या दूधवाल्यासारखा होता. डोकं खाली, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. बाबा त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते, कारखान्यात जाताना घालत तोच कोट घालून.

न्यायाधीशांनी विचारलं की या माणसांचं तू काय केलंस. बाबांनी मराठीत विचारलं.

“त्याइले झोपवलं,” तो म्हणाला.

“सुला दिया,” बाबा म्हणाले.

सरकारी वकील लगेच उठला. “हुज़ूर, लिखा जाए. हमेशा के लिए सुला दिया.”

गर्दीत एक हुंकार उठला. आणि मग मी माझ्या वडिलांना, जे भाजीवाल्याशीही वाद घालत नसत, हात वर करताना पाहिलं. “साहब, ‘हमेशा के लिए’ इसने नहीं कहा. मराठी में ‘झोपवलं’ का मतलब... सिर्फ़ सुलाना भी होता है. पूछना पड़ेगा.”

“पूछिए,” न्यायाधीश म्हणाले.

बाबा त्याच्याकडे वळले. आवाज असा होता, जणू मला गणित समजावत होते. “नीट ऐक. झोपवलं म्हणजे तुला काय म्हणायचं आहे? लुटायपुरतं बेशुद्ध केलं, की मारलं?”

तो पहिल्यांदा वर बघून बोलला. त्याला कोणीतरी नीट विचारलं याचंच जसं त्याला बरं वाटलं असावं. “पहिल्या वेळी मले वाटलं, उठन. तो नाई उठला. मी दुरून पायलं दुसऱ्या दिवशी. मंग मले समजलं की ह्यानं माणूस मरते.”

“आणि मग?”

“मंग समजूनच देल्लं.”

बाबा तसेच उभे राहिले. त्यांना ते हिंदीत म्हणायला किती वेळ लागला! न्यायाधीशांनी पेन उचलून धरलं होतं. शेवटी बाबांनी शब्दाला शब्द सांगितलं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. ते एक वाक्य लिहिलं गेलं आणि आरोपीच्या वकिलानं आपले कागद एकावर एक रचायला सुरुवात केली.

फाशीची शिक्षा झाली. सही करून न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे पेनची निब मोडली, हे गार्डसाहेबांनी ओट्यावर अभिनय करून दाखवलं. मावशी गावी परत गेल्या. बाबा आठ-दहा दिवस जेवताना ताटाकडे बघत राहत. एका संध्याकाळी आई म्हणाली, “तुम्ही खोटं तर नाही बोललात?”

“खोटं नाही बोललो,” ते म्हणाले. “पण मी हात वर केला नसता, तर त्याचा वकील त्या एका शब्दावर महिनाभर भांडला असता. मला वाटलं मी त्याला वाचवून राहिलो.”

त्याच वेळी मी मावशींचा प्रश्न सांगितला. शाळेतलं खोटंही सांगितलं. मला वाटलं बाबा चिडतील. ते म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे तिचा. कोर्टात कोणी नाही विचारला.”

तो विचारायची संधी लवकरच आली. वरच्या कोर्टातल्या अपिलाचे कागद त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचे होते, म्हणून तुरुंगातून बोलावणं आलं. बाबा गेले. कागद वाचून झाल्यावर त्यांनी जेलरची परवानगी घेऊन त्याला विचारलं: चष्मा लावणारा, आईच्या अस्थी घेऊन आलेला मास्तर आठवतो का? शेवटी काही बोलला का?

घरी येऊन ते आईजवळ बसले आणि म्हणाले, “तो म्हणते, मास्तर गायला.”

“काय गायला?”

“ते मी नाही विचारलं. मलाच काही सुचलं नाही. घाटावर बसला अन् गायला, म्हणे. चांगला गायला. ह्यानं म्हटलं, आणखी एक म्हणा. अन् मग पेढा दिला.”

बाबांनी जसंच्या तसं मावशींना कळवलं. ‘आणखी एक म्हणा’सुद्धा वगळलं नाही. आई म्हणाली, एवढं कशाला लिहिता. बाबांनी ऐकलं नाही. महिन्याभरानं उत्तर आलं, गावातल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘बावीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासमोर कधी तोंडातून सूर काढला नाही. शाळेतही मुलांना कविता चालीवर शिकवायला दुसरे मास्तर होते. तो माणूस दुसऱ्याच कोणाचं सांगत असेल. चौघांत त्याची गल्लत होत असेल. मला नक्की कळलं पाहिजे. काय गायले ते विचारा.’

अपील फेटाळलं गेलं होतं, दयेचा अर्ज वर गेला होता. बाबांनी भेटीसाठी स्वतः अर्ज केला. मिळायला बरेच दिवस लागले. तो रविवार होता. दुपारी दोनच्या सुमारास बाबा सायकलवरून आले, आणि फाटकातूनच हात हलवत आम्हाला गप्प राहायची खूण करत आत शिरले. ओठ मिटलेले, आणि नाकातून एक विचित्र हूं-हूं आवाज. मी घाबरले. मला वाटलं त्यांना काहीतरी झालं.

“पेटी काढ,” ते आईला म्हणाले आणि पुन्हा हूं-हूं करू लागले.

पेढेवाल्याला शब्द आठवत नव्हते. चाल आठवत होती. त्यानं गजाआडून ती गुणगुणून दाखवली होती, बाबांना पाठ होईपर्यंत पुन्हा पुन्हा. माझ्या वडिलांना गाण्याचा गंध नव्हता. आरतीतही ते नुसत्या टाळ्या वाजवत. तुरुंगापासून घरापर्यंत, रिक्षा, बैलगाड्या आणि हॉर्न यांच्यामधून, ओळखीच्या कोणाच्या नमस्काराला उत्तर न देता, ते ती चाल तोंडात धरून आले होते. पाण्यानं भरलेली वाटी आणावी तशी.

आई माहेरी गाणं शिकली होती, तिनं पेटी उघडली. बाबा गुणगुणत, आई सूर दाबे, बाबा मान हलवत: “नाही, खाली. आणखी खाली. हां, मग एकदम वर.” तासभर चाललं होतं. चार-पाच सुरांचंच होतं ते, पुन्हा पुन्हा फिरणारं, शेवटी थोडं घसरणारं. मला हसू येत होतं, आणि हसण्यासारखं हे काही नाही हेही कळत होतं. एका खुन्यानं सांगितलेलं, त्यानं मारलेल्या माणसाचं गाणं माझे आई-वडील रविवारी दुपारी चहा विसरून शोधत होते. आईनं शेवटी कागदावर स्वर लिहिले, सा रे ग, खाली टिंबं, वर टिंबं. तो कागद पाकिटात घातला.

मावशींनी तो शाळेतल्या पेटीवाल्या मास्तरांकडून वाजवून घेतला. यावेळचं पत्र दोनच ओळींचं होतं. ‘ओळखलं. माझ्या सासूबाई दळताना म्हणत ती ओवी आहे.’ आणि त्याखाली, वेगळ्या शाईत: ‘त्याला फाशी व्हावी असंच मला अजून वाटते. पण आता मला घाई नाही.’

ही दुसरी ओळ बाबांनी मोठ्यानं वाचली आणि पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. कितीतरी दिवस ते तिथेच होतं.

फाशी झाली तेव्हा माझी परीक्षा संपली होती. आदल्या दिवशीपासून शहरात कुजबुज होती. पहाटे गार्डसाहेब मफलर गुंडाळून तुरुंगाच्या फाटकाशी गेले, आणखी दोन-तीनशे माणसं होती म्हणे. सात वाजता ते परत आले आणि ओट्यावर बसून राहिले.

“क्या हुआ, भैया?” आईनं विचारलं.

“कुछ नहीं, बहनजी. दीवार है. दीवार के उधर हो गया.” मग जरा वेळानं, “एक कुत्ता भौंका, बस.”

ते निराश झाले होते की आणखी काही, ते मला ओळखता आलं नाही. त्यानंतर मात्र ‘चौराहे पर लटकाओ’ असं कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आठवड्याभरात शहर दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागलं. मिठाईची दुकानं पुन्हा चालू लागली. माझी कात्रणं मी चुलीत घातली नाहीत, उगाच खोटं का सांगू. ती बरीच वर्षं त्या भूगोलाच्या वहीत होती, आणि कधी कधी मी ती काढून बघत असे.

फाशीच्या दिवशी बाबा कारखान्यात गेले नाहीत. दुपारी मी त्यांना सरळ विचारलं, “त्याला मारायला नको होतं का?”

ते खुर्चीत मागे टेकले. “मी सकाळपासून हेच करून राहिलो. नको होतं म्हणतो, तर ती बाई समोर येते. पिशवी हातात घेऊन कशी उभी होती, तू पाहिलं नाही. बरं झालं म्हणतो, तर तो गजाआडून गुणगुणताना दिसते. त्याला ती चाल का लक्षात राहिली असेल? मला तर हेच समजून नाही राहिलं. ज्याचं गाणं आवडलं, त्यालाच पेढा कसा दिला?”

“त्याला विचारलं नाही?”

“विचारायचं होतं. तिसऱ्या भेटीचा अर्ज लिहून ठेवला होता.” त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. “चार दिवसांपूर्वी.”

पुढे मी फाशीच्या कायद्यावरचं बरंच वाचलं, दोन्ही बाजूंचं. चांगली माणसं दोन्हीकडे आहेत आणि त्यांचं म्हणणं मला दोन्हीकडे पटतं. पण त्या पुस्तकांत टेबलावरच्या त्या अर्जासारखं काही मला सापडलं नाही. जे आम्हाला माहीत करून घ्यायचं होतं, ते एकाच माणसाला माहीत होतं.

तीन-चार वर्षांनी मावशी पुन्हा जबलपूरला आल्या, मुलाला घेऊन, नर्मदेवर. आता काही अडचण नव्हती, म्हणून त्या आमच्याकडेच उतरल्या. आईनं त्यांच्यासाठी पाटवड्या केल्या. बाबांशी त्या फार बोलल्या नाहीत, फक्त येताना आणि जाताना वाकून नमस्कार केला, आणि बाबा दोन्ही वेळा मागे सरकले.

निघायच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “तो तुरुंग कुठं आहे? मले दाखव.” आम्ही दोघी रिक्षानं गेलो. त्यांनी फाटक पाहिलं, पहारेकरी पाहिला, मग भिंतीच्या कडेनं थोडं चालत गेल्या.

“कुठं असल ती जागा?”

“माहीत नाही, मावशी. आत कुठेतरी.”

“त्याचं कोणी आलं होतं का न्यायले?”

“बाबा म्हणाले, कोणी नाही आलं.”

“हं,” त्या म्हणाल्या. मग पदर नीट केला आणि विचारलं, गोरखपूरच्या बाजारात सुनेसाठी बांगड्या चांगल्या मिळतात का. मी म्हणाले, मिळतात. आम्ही रिक्षा तिकडे वळवली.